ऑपरेशननंतरची पहिली रात्र : लहान मुलांचं दुखणं आणि ॲक्युपंक्चर



जालन्यातल्या या व्याख्यानाचा विषय ठरवायला संयोजकांचा फोन आला, तेव्हा त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "मॅडम, ते ॲक्युपंक्चर खरं का थोतांड, तेवढं एकदा सांगून टाका." एका शब्दात उत्तर दिलं असतं तर तुमची संध्याकाळ वाचली असती. पण मी भूलतज्ज्ञ आहे. आमच्या धंद्यात पेशंटला झोपवायला वेळ लागत नाही, नीट उठवायला लागतो. तेव्हा थोडा धीर धरा.

विषय मी मुद्दाम अरुंद ठेवला आहे. लहान मुलाचं ऑपरेशन झालं, की पुढचे एक-दोन दिवस जे दुखतं, त्यावर सुयांचा उपयोग होतो का, एवढंच. गुडघेदुखी, कंबरदुखी, वजन उतरवणं, सिगारेट सोडवणं, सगळ्यासाठी ॲक्युपंक्चरच्या पाट्या लागलेल्या असतात. त्या गल्लीत मी आज शिरणार नाही.

सुईपर्यंत पोचण्याआधी दुखण्याकडे बघू. लहान लेकराला दुखतं, ही गोष्ट तुमच्या आजीला न शिकता ठाऊक होती. वैद्यकशास्त्राने ती मान्य करायला विसाव्या शतकाचा शेवट गाठला. तान्ह्या बाळाच्या मज्जातंतूंची वाढ अपुरी असते, त्याला वेदना कळत नाहीत, कळल्या तरी आठवत नाहीत, असं पुस्तकांत लिहिलेलं होतं आणि शिकलेले लोक ते मानत होते. १९८५ साली अमेरिकेत वॉशिंग्टनमध्ये जेफ्री लॉसन नावाच्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याचं ऑपरेशन झालं. त्याला स्नायू लुळे पाडणारं औषध दिलेलं होतं. त्या औषधाने हात हलत नाही, रडता येत नाही. दुखायचं मात्र राहत नाही. वेदनाशामक काहीच दिलं नव्हतं. पाच आठवड्यांनी बाळ गेलं. खरी हकीकत आईला नंतर कळली. तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली, तेव्हा तिला मिळालेलं उत्तर असं होतं की इतक्या लहान बाळाला वेदना होतात हे सिद्ध झालेलं नाही. ती माउली गप्प बसली नाही. वर्तमानपत्रांत लिहून आलं आणि डॉक्टरांच्या जगात खळबळ माजली.

त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये एक भारतीय डॉक्टर नेमका हाच प्रश्न घेऊन बसला होता. कंवलजीत सिंग आनंद. काश्मीरमध्ये जन्मलेला, इंदूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकलेला. ऑपरेशनला जाताना बरी असलेली बाळं परत येताना पार कोसळलेली असतात, हे त्याने अतिदक्षता विभागात बघितलं होतं. त्याने सरळ तुलना केली. काही बाळांना नेहमीची हलकी भूल दिली, काहींना तिच्या जोडीला फेंटानिल हे जोरकस वेदनाशामक दिलं. ज्यांना फेंटानिल मिळालं, त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं कमी चढली आणि नंतरची गुंतागुंतही कमी झाली. १९८७ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यानंतर बाळाला दुखत नाही, असं छातीठोकपणे म्हणायची सोय उरली नाही.

आता जालन्याकडे येऊ. आपल्याकडे लहान मुलांची ऑपरेशनं होतात कशाची? हर्निया, टॉन्सिल, अपेंडिक्स, खाली न उतरलेलं वृषण, मोडलेला हात, भाजल्यावर त्वचा बसवणं, दुभंगलेला ओठ. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि शाळेत, अंगणवाडीत तपासणी करून मुलं ऑपरेशनला पाठवली जाऊ लागली. पूर्वी जन्मभर तसंच राहिलं असतं असं व्यंग आता वेळेवर दुरुस्त होतं. ही मोठीच गोष्ट झाली. पण योजनेच्या कागदात ऑपरेशन असतं, खर्च असतो, फॉलोअप असतो. पहिल्या रात्री किती दुखलं, याला त्यात जागा नाही.

वॉर्डात काय होतं ते सांगते. घनसावंगीकडचा सहा वर्षांचा मुलगा, हर्नियाचं ऑपरेशन, दुपारी उरकलेलं. संध्याकाळी राउंडला गेले तर लेकरू छताकडे बघत पडलेलं. आजी म्हणाली, "लई गुणाचं हाय मॅडम, गपगार पडलंय." सिस्टरने कागदावर लिहिलेलं, 'शांत'. मी विचारलं, "दुखतंय का रे?" त्याने मान हलवली, नाही. पण दोन्ही पाय पोटाशी घट्ट ओढलेले होते आणि चादर मुठीत आवळलेली होती. शेजारच्या ट्रेमध्ये सिरिंज होती. त्याची नजर छतावरून सुटायची ती थेट तिथेच जायची. सिस्टरला ट्रे उचलून न्यायला सांगितलं. आजीने त्याच्या केसांतून हात फिरवला, "सांग माझ्या सोन्या, सुई न्हाई देत बाई." मग हळूच त्याचं एक बोट पट्टीच्या कडेला लागलं.

मूल 'दुखत नाही' का म्हणतं? दुखतं म्हटलं की इंजेक्शन येतं, हा हिशोब त्याला चौथ्या वर्षीच पक्का जमतो. म्हणून मोठ्यांचा कायदा मुलांना लावता येत नाही. जगभर मुलांचं दुखणं मोजायला साधी साधनं निघाली आहेत. बोलता न येणाऱ्यांसाठी फ्लॅक नावाची मोजणी आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे, बेरीज दहापर्यंत. बोलणाऱ्यांसाठी हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांची पट्टी असते, मूल बोट ठेवून दाखवतं. लागतो एक कागद आणि दोन मिनिटं. घनसावंगीकडच्या त्या पोराचे पाय आणि मूठ बघितली असती, तर कोणीही त्याला 'शांत' म्हटलं नसतं.

एवढं सांगितल्यावर आता सुई काढते.

ॲक्युपंक्चर चीनचं आणि फार जुनं, हे सगळे जाणतात. ऑपरेशनशी त्याचं नातं मात्र अलीकडचं, आणि त्या नात्याची सुरुवात टॉन्सिलपासून झाली आहे. १९५८ साली शांघायच्या एका रुग्णालयात, टॉन्सिल काढल्यावरचं दुखणं सुयांनी कमी होतंय असं दिसल्यावर, भुलेऐवजीच सुया वापरून टॉन्सिल काढण्याचा प्रयोग झाला. त्यातून 'सुयांची भूल' या प्रकरणाचा बराच गाजावाजा झाला. त्यात विज्ञान किती आणि राजकीय प्रचार किती, हे निवडत बसायला आज वेळ नाही. माझं मत विचाराल तर प्रचार जास्त होता. उघड्या छातीवर केवळ सुयांच्या बळावर ऑपरेशन, असे फोटो पाहून भारावलेल्या पाहुण्यांना सलाइनमधून काय जात होतं ते नेहमी सांगितलं जात नसे.

जेम्स रेस्टनची गोष्ट वेगळी आहे, कारण ती नेमकी आपल्या विषयातली आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'चा हा पत्रकार १९७१ च्या जुलैमध्ये बीजिंगला गेला आणि तिथे त्याचं अपेंडिक्स सुजलं. ऑपरेशन नेहमीसारखं, औषधांची भूल देऊन झालं. दुसऱ्या रात्री पोट फुगलं, अस्वस्थ वाटू लागलं. तिथल्या डॉक्टरने उजव्या कोपराला आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या, वनौषधीचा शेक दिला. तासाभरात त्याला हलकं वाटलं आणि पुन्हा तसा त्रास झाला नाही. त्याने हे आपल्या वर्तमानपत्रात लिहिलं आणि अमेरिकेला ॲक्युपंक्चर कळलं. पुढे सांगोवांगी असं झालं की त्याचं ऑपरेशनच सुयांवर झालं. तसं नाही. ऑपरेशननंतरच्या त्रासावर सुया टोचल्या होत्या.

भारतात ही सुई आली त्यात एक सोलापूरकर अप्रत्यक्षपणे आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच वारले. त्यांनी ॲक्युपंक्चर भारतात आणलं असं पुष्कळांना वाटतं, पण ते तर परतलेच नाहीत. परतले त्यांचे सहकारी, कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू. ते पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात उपचार करू लागले, शिकवू लागले. मराठवाड्यात म्हणाल तर औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, हे ॲक्युपंक्चरचं जुनं ठाणं. डॉ. पी. बी. लोहिया यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. इथून तासा-दीड तासावर. तेव्हा ही विद्या आपल्याला परकी नाही. कान टोचण्याच्या प्रथेचा दाखला देऊन 'हे तर आमचंच' म्हणणारेही भेटतात. मला तो मोह होत नाही. कोणाचंही असो, उपयोग होतो का ते बघावं.

बघायचं कसं? इथे लहान मुलांच्या बाबतीत एक गंमत आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. मोठ्या माणसाला सुई टोचली की त्याला कळतं. टोचणाऱ्याचा आत्मविश्वास, खोलीतला वास, दिलेले पैसे, या सगळ्यानेही दुखणं कमी होतं. म्हणून मोठ्यांवरच्या प्रयोगांत विश्वासाचा वाटा आणि सुईचा वाटा वेगळा काढता काढता नाकी नऊ येतात. मूल भुलेखाली असताना सुया लावल्या आणि जागं होण्याआधी काढून घेतल्या, तर मुलाला कळत नाही, बाहेर बसलेल्या आईबापांना कळत नाही, नंतर दुखणं मोजणाऱ्या सिस्टरला कळत नाही. विश्वासाचा प्रश्नच निकालात निघतो. आणि सुईला भिणाऱ्या मुलाला सुई कशी टोचायची, हाही.

असे प्रयोग झाले आहेत. बोस्टनच्या बालरुग्णालयात कानाच्या पडद्यात नळी बसवण्याच्या छोट्या ऑपरेशनात ६० मुलांवर झालेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना भुलेतच हाताच्या आणि मनगटाच्या ठरावीक जागी सुया लावल्या होत्या. ही मुलं जागी होताना पहिल्या अर्ध्या तासात कमी कळवळली, कमी बिथरली. भूल उतरताना मूल हातपाय झाडतं, आईलाही ओळखत नाही, ते दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना या अर्ध्या तासाची किंमत कळेल. त्याच वर्षी सॅनफ्रान्सिस्कोहून आणखी एक छोटा अभ्यास आला. अतिदक्षता विभागातल्या, मोठी ऑपरेशनं झालेल्या २० मुलांना जागेपणी सुया लावल्या होत्या. मुलं आणि आईबाप याला तयार होतात आणि अपाय होत नाही, एवढंच त्यातून कळलं. तुलनेला दुसरा गट नव्हता. त्यातून जास्त काढू नये.

मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१५ साली प्रसिद्ध झालेला, कॅलिफोर्नियातला टॉन्सिलचा अभ्यास. तीन ते बारा वर्षांची ५९ मुलं. भुलेतच निम्म्यांना सुया, निम्म्यांना नाहीत. घरी गेल्यावर मुलांनी स्वतः आपलं दुखणं नोंदवायचं आणि आईबापांनीही वेगळं नोंदवायचं. सुयांच्या गटातली मुलं लवकर खाऊ-पिऊ लागली. आणि मुलांच्या नोंदींत त्यांचं दुखणं स्पष्टपणे कमी होतं. आईबापांच्या नोंदींत मात्र तेवढा ठाम फरक दिसला नाही! ज्याचं दुखत होतं त्याला फरक कळला, बघणाऱ्याला नीटसा कळला नाही. सुईचं राहू द्या बाजूला, या एका निष्कर्षासाठी तो अभ्यास प्रत्येक बालरोग विभागात भिंतीवर लावण्याजोगा आहे.

पण हे सगळे अभ्यास लहान आहेत. साठ मुलांवरून साठ हजार मुलांचा नियम करता येत नाही. सुया दिल्यावर वेदनाशामक औषध बंद करता येतं, असं यातल्या एकाही अभ्यासाने सिद्ध केलेलं नाही. या सगळ्या मुलांना नेहमीची औषधं मिळत होतीच. सुया त्यांच्या जोडीला होत्या.

दुखण्यापेक्षा एका जोड-त्रासावर पुरावा जास्त भक्कम आहे, तो म्हणजे ऑपरेशननंतरची उलटी. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, स्नायूंच्या दोन दोऱ्यांच्या (कंडरांच्या) मध्ये एक जागा आहे. चिनी लोक तिला नेइगुआन म्हणतात. बोटं मुलाची स्वतःची धरायची, डॉक्टरची नाहीत. दोन वर्षांच्या मुलाच्या हातावर माझी तीन बोटं टेकवली तर कोपराच्या निम्म्या वाटेवर पोचतील. बेलफास्टच्या डॉ. जॉन डंडी या भूलतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात ही जागा पाश्चात्त्य वैद्यकासमोर आणली. जगभरचे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ५९ प्रयोग आणि ७,६६७ रुग्ण जमेस धरले आहेत. या जागेला चालना दिल्याने मळमळ आणि उलटी कमी होते, जवळपास उलटीच्या औषधांइतकीच, असं त्यात दिसतं. मुलांमध्ये हे सरळसोट नाही. १९९१ साली टोरंटोमध्ये टॉन्सिलच्या मुलांना भुलेत सुया लावून काही फायदा दिसला नाही; २००२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या अभ्यासात याच जागी दिलेलं इंजेक्शन उलटीच्या औषधाच्या तोडीस तोड ठरलं. टॉन्सिल काढलेल्या मुलाने उलटी केली की घसा पुन्हा सोलवटतो, पाणी पोटात राहत नाही, रात्रभर सलाइन. म्हणून उलटी थांबवणं हाही दुखण्यावरचाच इलाज आहे.

सुई काम कशी करते? १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं, की पाठीच्या कण्यात वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असतं आणि दुसऱ्या संवेदना ते थोडं लोटून घेऊ शकतात. पुढे शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्यं तयार करतं हे कळलं, आणि त्यांना अडवणारं नालोक्झोन दिलं की काही प्रयोगांत सुयांचा परिणाम पुसला जातो, हेही. उंदरांवरच्या एका प्रयोगात सुईच्या जागी ॲडेनोसिन हे दुखणं दबवणारं द्रव्य वाढलेलं आढळलं. ॲक्युपंक्चरच्या नकाशावर शरीरभर काढलेल्या रेषा, त्यांतून वाहणारी शक्ती, हे मात्र कोणाला शरीर उघडून सापडलेलं नाही. मी त्या रेषांवर विश्वास ठेवत नाही आणि तरीही सुई वापरायला माझी हरकत नाही. ॲस्पिरिन कसं काम करतं हे कळण्याआधी सत्तर वर्षं लोक ते घेतच होते.

मग आपल्या जिल्ह्यात काय करावं?

आधी जे नक्की उपयोगी आहे ते तरी नीट देऊ. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं, दर किलोला साधारण १५ मिलिग्रॅम, सहा-सहा तासांनी, आणि दुखेल तेव्हा नाही, पहिला दिवसभर घड्याळ लावून. बाजारात याच सिरपच्या पाच मिलीत १२५ आणि पाच मिलीत २५० मिलिग्रॅम अशा दोन बाटल्या मिळतात. 'एक चमचा द्या' एवढंच सांगितलं की सोळा किलोच्या मुलाला एका घरी पुरेसं औषध जातं, शेजारच्या घरी निम्मंच. बाटलीवरचा आकडा आईला बोट ठेवून दाखवा. हर्नियासारख्या ऑपरेशनात भुलेतच माकडहाडाजवळ बधिरतेचं एक इंजेक्शन दिलं, तर पुढचे चार-सहा तास पोर निवांत असतं. सर्जनने टाके घालताना जखमेच्या कडेला बधिरतेचं औषध सोडलं तरी पुष्कळ फरक पडतो. खर्च जेमतेम.

जोरकस औषधांची आपल्याला भीतीही असते आणि टंचाईही. मॉर्फिनसाठी पूर्वी इतके परवाने लागत की लहान दवाखाने त्या वाटेलाच जात नसत. २०१४ च्या कायदादुरुस्तीने ती कटकट कमी केली, पण सवय बदलायला वेळ लागतो. कोडीन तर मुलांना देऊच नये. काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं आणि श्वास मंदावतो. टॉन्सिलनंतर अशी मुलं दगावल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली कडक इशारा दिला आणि २०१७ साली बारा वर्षांखालील मुलांना ते बंदच केलं. श्वास मंद न करता दुखणं थोडं उतरवणारी कोणतीही जोड इथे हवीच आहे, आणि सुईची जागा मला तिथे दिसते. लहान मुलांना लावायची सुई भरीव आणि केसासारखी असते, जाडी ०.१६ ते ०.२० मिलिमीटर. इंजेक्शनची नेहमीची २२ नंबरची सुई ०.७ मिलिमीटर असते. कधी रक्ताचा थेंब, कधी लहानसा निळा डाग, यापलीकडे जाणत्या हाताने काही होत नाही. अडाणी हाताने फुप्फुसाला भोक पडू शकतं आणि वापरलेल्या सुईने कावीळ पसरू शकते.

म्हणून हात जाणता आहे का ते विचारलं पाहिजे. पश्चिम बंगालने १९९६ साली ॲक्युपंक्चरचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा आहे आणि त्याखाली नोंदणीसाठी परिषद आहे. नोंदणी नसलेल्याच्या हाती लेकरू देऊ नका. नोंदणी असलेला माणूसही जर म्हणाला, की सुया सुरू आहेत, आता डॉक्टरचं औषध बंद करा, तर चप्पल पायात घाला आणि घरी या. उलट एखाद्या भूलतज्ज्ञाने या विषयाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि टॉन्सिलच्या मुलाला भुलेतच चार सुया लावल्या, तर त्याला भोंदू म्हणू नका.

संयोजकांना उत्तर द्यायचं राहिलंय. ॲक्युपंक्चर थोतांड नाही. मुलांच्या ऑपरेशननंतरच्या उलटीवर ते बऱ्यापैकी, दुखण्यावर थोडंसं, आणि तेही औषधांच्या जोडीने उपयोगी पडतं. जिथे दुखणं मोजलंच जात नाही, तिथे ते लावलं काय आणि न लावलं काय, कळणार कसं?

सभागृहात बरेच डॉक्टर आणि सिस्टर बसल्या आहेत, म्हणून त्यांना एक विनंती करते आणि थांबते. आपल्या दवाखान्याच्या केसपेपरवर नाडी, ताप, श्वास असे रकाने आहेत. पुढची छपाई कराल तेव्हा त्यांच्या शेजारी दुखण्याचा एक रकाना वाढवा, शून्य ते दहा. लहान मुलाच्या बाबतीत तो दर चार तासांनी भरा, आणि बोलणारं मूल असेल तर आकडा आजीला किंवा सिस्टरला न विचारता मुलाला विचारून लिहा. विचारताना हातात सिरिंज धरू नका.